विदादोष, अनियमित

सर्व्हरवर चालणाऱ्या जुन्या वेब-प्रणालीत एरवी न दिसणारे, पण मधूनच उद्भवणारे नोंदींतील दोष. नाव अर्धवट उमटणे, तारीख बदलणे, नोंद दुबार होणे, बेरीज न जुळणे ही त्यांची नेहमीची रूपे. दोष लहरी भासला, तरी तो बहुधा एखाद्या ठरावीक अटीला बांधलेला असतो. ती अट शोधणे हेच तपासाचे मुख्य काम होय.

लिपी व संकेतन : युनिकोड रुळण्यापूर्वी देवनागरीसाठी इस्की हे भारतीय मानक (आयएस 13194 : 1991) आणि निरनिराळ्या फाँटांची स्वतंत्र संकेतने वापरात होती. त्यांतील मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार व जोडाक्षरे बिघडू शकतात. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा हलन्त, 3 बाइट घेते. ‘पाटील’ला 15 बाइट पुरतात, ‘कुलकर्णी’ला 24 लागतात. रकाना 20 बाइटांचा असेल, तर पहिले नाव नीट राहते आणि दुसरे तुटते किंवा नाकारले जाते. विंडोजमध्ये देवनागरीसाठी एएनएसआय कोडपेज नसल्याने एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड नसलेल्या रकान्यात मराठी मजकुराची प्रश्नचिन्हे होतात. ‘गोऱ्हे’मधील ‘ऱ्ह’ एकाहून अधिक चिन्हक्रमांनी टंकता येतो; पडद्यावर सारखीच दिसणारी दोन नावे त्यामुळे शोधात जुळत नाहीत.

तारीख : दोन सर्व्हरांची प्रादेशिक मांडणी वेगळी असल्यास 05/04 हे एकावर 5 एप्रिल, तर दुसऱ्यावर 4 मे ठरते. महिन्याच्या 12 तारखेपर्यंत अशी चूक बिनबोभाट खपते. 13 पासून नोंद बहुधा नाकारली जाते.

एककालिक वापर : दोघांनी एकच नोंद उघडून पाठोपाठ साठवली, तर नंतरच्याचा बदल आधीच्याचा बदल पुसू शकतो. जावातील ‘सिंपलडेटफॉरमॅट’ हा घटक अनेक थ्रेडांनी एकाच वेळी वापरल्यास तारखा बिघडतात. असे दोष गर्दीच्या वेळीच दिसतात. चाचणीत एकटा वापरकर्ता असल्याने ते सापडत नाहीत.

जोडणी तुटणे : प्रतिसाद न मिळाल्याने बटण पुन्हा दाबले की दुबार नोंद.

तपास : सर्व्हर पुन्हा सुरू करण्याआधी लॉग जपून ठेवावेत. बिघडलेली व शाबूत नोंद शेजारी ठेवून वेळ, सर्व्हर, वापरकर्ता व मजकुराची लांबी ताडावी. मजकूर डोळ्यांनी न वाचता बाइटांत पाहावा. रकान्यांवरील निर्बंध व अद्वितीय अनुक्रमांक यांनी पुढील बिघाड अडवता येतो. जुनी प्रणाली डागडुजीने चालवावी की नव्याने लिहावी, याबाबत एकमत नाही.

भूमी अभिलेख : महाराष्ट्रात हस्तलिखित व संगणकीय सातबारा (शेतजमिनीचा उतारा) जुळवण्यासाठी एडिट व री-एडिट मॉड्यूल वापरण्यात आली, 2017 मध्ये गावोगाव चावडी वाचन (नोंदींचे जाहीर वाचन) झाले. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळू लागला. एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज यांचा मेळ न बसणे ही येथील परिचित विसंगती.

नागरी भागात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका चालते. कोल्हापुरातील शिवाजी पेठेच्या पत्त्यांत ‘ए वॉर्ड’ येतो. हे ‘ए’ कोणी रोमन अक्षरात लिहितो, कोणी देवनागरीत. क्रमांकाचे अंकही दोन्ही लिप्यांत लिहिले जातात. शोधापूर्वी ते एकरूप केले नाहीत, तर असलेली नोंद सापडत नाही.

दुरुस्ती : प्रोग्राम सुधारल्याने आधी बिघडलेल्या नोंदी सुधारत नाहीत; भूमी अभिलेखांत तर त्या परस्पर बदलताही येत नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. त्यातील लेखनप्रमाद कलम 155 खाली सक्षम महसूल अधिकाऱ्याच्या आदेशानेच दुरुस्त होतो.