हिप हॉप संगीतनिर्मितीत कॉर्ड व संगीतशास्त्राचे स्थान : एक ऐतिहासिक अभ्यास (१९७३ ते २००६)

प्रस्तावना

हिप हॉप हा संगीतप्रकार १९७०च्या दशकात न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स या भागात उदयास आला. आफ्रिकन-अमेरिकन, कॅरिबियन व प्वेर्तो रिकन वंशाच्या तरुणांनी तो घडविला. लय आणि शब्द ही त्याची प्रमुख अंगे होत. त्यामुळे त्याच्या निर्मात्यांना संगीतशास्त्राचे ज्ञान नव्हते व त्याची गरजही नव्हती, असा समज दीर्घकाळ रूढ राहिला. प्रस्तुत शोधनिबंधात या समजाची ऐतिहासिक तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. हिप हॉपमधील कॉर्डचा वापर तबकडी, यंत्र आणि कायदा या तीन घटकांनी घडविला, असे येथे प्रतिपादन केले आहे.

संकल्पनेचे स्पष्टीकरण

कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन किंवा अधिक स्वर होत. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर षड्ज, शुद्ध गंधार व पंचम एकत्र वाजले की मेजर कॉर्ड होते; गंधार कोमल केला की मायनर कॉर्ड होते; त्यात कोमल निषाद मिळविला की मायनर सेव्हन्थ होते. कॉर्डच्या क्रमाने संगीतात ताण व विश्रांती निर्माण करणे, हा पाश्चात्त्य संगीतशास्त्राचा एक मुख्य विषय आहे.

तबकडीचा कालखंड

११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधील १५२०, सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्क यांनी आपल्या बहिणीने योजलेल्या समारंभात संगीत वाजविले. हिप हॉपचा आरंभ सामान्यतः या दिवसापासून मानला जातो. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलवर ठेवून त्यातील ‘ब्रेक’ हा भाग ते लांबवीत असत. ब्रेकमध्ये बहुधा ड्रम व तालवाद्येच उरतात, इतर वाद्ये थांबतात. म्हणजेच आरंभीच्या हिप हॉपने कॉर्ड नसलेला भागच जाणीवपूर्वक निवडला. तो अज्ञानाचा परिणाम नसून नर्तकांना काय हवे याची अचूक पारख होती.

१९७९ साली शुगरहिल गँगचे ‘रॅपर्स डिलाइट’ प्रसिद्ध झाले. त्यासाठी शिक या समूहाच्या ‘गुड टाइम्स’ची दोन कॉर्डच्या आवर्तनावरील बेसची चाल स्टुडिओत वादकांकडून पुन्हा वाजवून घेण्यात आली. मूळ रचनाकार नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी आक्षेप घेतल्यावर त्यांची नावे श्रेयात समाविष्ट झाली. स्वररचनेवरील हक्काचा प्रश्न असा अगदी प्रारंभीच उपस्थित झाला होता.

यंत्राने घडविलेला स्वरसंवाद

१९८७ साली ई-म्यू कंपनीचे एसपी-१२००, तर १९८८ साली रॉजर लिन यांनी आखलेले अकाई कंपनीचे एमपीसी ६० ही यंत्रे बाजारात आली. तबकडीवरील ध्वनीचा तुकडा साठवून तो बटणाने वाजविणे म्हणजे सॅम्पलिंग होय. एसपी-१२००ची साठवणक्षमता जेमतेम १० सेकंदांची होती. त्यावर निर्मात्यांनी युक्ती शोधली : मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५च्या वेगाने फिरवून ध्वनी साठवावयाचा व मग यंत्रात तो खाली उतरवावयाचा. वेग वाढताच स्वर सुमारे पाच अर्धस्वरांनी चढतात. ते पुन्हा उतरविताना ध्वनीला येणारा खरखरीतपणा ही त्या काळच्या हिप हॉपची ओळख ठरली.

याहून महत्त्वाचा परिणाम कॉर्डवर झाला. साठविलेली एखादी मायनर सेव्हन्थ कॉर्ड वेगवेगळ्या स्वरांवरून वाजविली की तिचे सर्व स्वर समान अंतराने वर-खाली सरकतात. स्वरसंवादाच्या पारंपरिक पाठ्यपुस्तकांत समांतर पंचम वर्ज्य मानले आहेत. येथे मात्र समांतर गती हाच यंत्राचा स्वभाव होता. शिवाय एका तबकडीवरील पियानो व दुसरीवरील बेस एकत्र आणताना दोन्हींची पट्टी कानाने जुळवावी लागे. स्वरांची नावे ठाऊक नसली तरी स्वरनात्याची जाण असल्याखेरीज हे काम होणे शक्य नव्हते.

पब्लिक एनिमीच्या १९८८च्या ध्वनिसंग्रहात बॉम्ब स्क्वाड या निर्मात्यांनी अनेक तुकडे एकावर एक रचून हेतुतः विसंवाद निर्माण केला. याउलट अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या समूहाने जॅझच्या संपन्न कॉर्ड स्वीकारल्या. त्यांच्या ‘द लो एंड थिअरी’ (१९९१) मध्ये जॅझवादक रॉन कार्टर यांनी एका गाण्यात बेस वाजविला आहे.

कायद्याचा हस्तक्षेप

१७ डिसेंबर १९९१ रोजी न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने गिल्बर्ट ओसलिव्हन यांच्या गीताचा तुकडा विनापरवाना वापरल्याबद्दल बिझ मार्की यांच्या विरोधात निर्णय दिला. त्यानंतर सॅम्पलिंगसाठी पूर्वपरवानगी घेणे अटळ झाले व ते खर्चिक ठरले. ध्वनिमुद्रण आणि रचना हे दोन स्वतंत्र हक्क आहेत. जुनी चाल नव्याने वाजविल्यास केवळ रचनेची परवानगी पुरते. डॉ. ड्रे यांनी ‘द क्रॉनिक’ (१९९२) साठी अनेक जुन्या फंक चाली कॉलिन वुल्फ यांच्यासारख्या वादकांकडून वाजवून घेतल्या. परिणामी कीबोर्ड व कॉर्ड यांचे प्रत्यक्ष ज्ञान असलेला वादक निर्मितीच्या केंद्रस्थानी आला.

२००५ सालचा ब्रिजपोर्ट खटल्यातील अपील न्यायालयाचा निर्णय तर थेट एका कॉर्डविषयी होता. फंकाडेलिकच्या ध्वनिमुद्रणातील गिटारवर ओळीने छेडलेल्या तीन स्वरांच्या कॉर्डचा अवघा दोन सेकंदांचा तुकडा एन.डब्ल्यू.ए.च्या गाण्यात वापरला गेला होता. तुकडा कितीही लहान असला तरी परवाना आवश्यक आहे, असे न्यायालयाने ठरविले. मात्र तसाच ध्वनी स्टुडिओत स्वतः निर्माण करण्यास मुभा असल्याचेही सांगितले. २०१६ साली दुसऱ्या एका अपील न्यायालयाने याच्या विरुद्ध मत नोंदविले. तथापि ब्रिजपोर्टच्या निर्णयाचा अर्थ स्पष्ट होता : ज्याला कॉर्ड वाजविता येते तो मोकळा, ज्याला ती फक्त ऐकून निवडता येते तो बांधील. ज्यांना वाद्यशिक्षण परवडत नव्हते, त्यांच्या कलेवर ही अट अधिक जाचक ठरली, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

याच पार्श्वभूमीवर जे डिला यांचा ‘डोनट्स’ हा ध्वनिसंग्रह ७ फेब्रुवारी २००६ रोजी प्रसिद्ध झाला; तीनच दिवसांनी त्यांचे निधन झाले. जुन्या गीतांचे लहान तुकडे करून व त्यांचा क्रम बदलून त्यांनी मूळ गीतांत नसलेले स्वरक्रम रचले. त्यांचे एमपीसी यंत्र आज वॉशिंग्टनमधील आफ्रिकन-अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेले आहे.

निष्कर्ष

१. हिप हॉपमध्ये संगीतशास्त्राचा अभाव नव्हता. ते लेखी नियमांऐवजी श्रवण, निवड व जुळवणी यांच्या रूपात वावरत होते.

२. यंत्राच्या मर्यादांतून समांतर कॉर्डसारखी स्वतंत्र स्वरभाषा निर्माण झाली.

३. १९९१ नंतर कॉर्डचे औपचारिक ज्ञान वाढले, त्यामागे सौंदर्यदृष्टीइतकाच कायद्याचा दबाव होता.

४. म्हणून केवळ स्वरलेखनाच्या निकषावर संगीतज्ञ कोण हे ठरविणारा इतिहास अपुरा ठरतो. ऐकून शिकण्याची परंपरा ज्या समाजाला परिचित आहे, त्याने तरी हा निकष निमूटपणे स्वीकारू नये.