डोळ्यांना न पटलेला चहा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी तैवानहून आलेल्या माझ्या भाच्याने चहाची एक पुडी हातात ठेवली. उघडून पाहिली, तर पाने वेडीवाकडी. काही पांढरी, काही तांबूस, काही तपकिरी. बिचाऱ्याच्या गळ्यात कुणीतरी जुना माल मारला, असे समजून मी पुडी फडताळात मागे सारली. पुढच्या खेपेला त्याने विचारले, ''मामा, चहा कसा होता?'' तेव्हा कळले, की तो तिथला नामांकित 'डोंगफांग मेईरेन', म्हणजे 'पौर्वात्य सुंदरी' होता. डोळ्याने मला फसवले होते. पण चहाच्या पारखीचा इतिहास वाचला, तेव्हा दिसले की या फसवणुकीत मी एकटा नाही.

आठव्या शतकात, तांग राजवटीत, लू यू याने 'चाचिंग' हा चहावरचा ग्रंथ लिहिला. त्या काळी चहाच्या वड्या थापत. वडी काळी, चकचकीत, सपाट दिसते म्हणून जो तिला उत्तम म्हणतो, तो कनिष्ठ पारखी, असे लू यूने बजावले आहे. पानांतला रस पिळून निघाला, की वडी चकाकते, हे त्याला ठाऊक होते.

पुढे सोंग काळात चहाच्या चढाओढी लागू लागल्या. वडीची पूड वाटीत घालून गरम पाण्यात घुसळायची. ज्याचा फेस आधी विरेल तो हरला. फेस पांढरा हवा आणि तो उठून दिसावा म्हणून वाट्या काळ्या! अकराव्या शतकातला त्साय श्यांग हा अधिकारी लिहितो, की दरबारी नजराण्याच्या चहात वासासाठी थोडा कापूर मिसळत. पण जिथे तो चहा होई, त्या च्येनआनचे लोक स्वतः चहा पारखताना कापूर घालत नसत. अस्सल वास झाकला जाईल, ही त्यांना धास्ती. पुढे दरबाराच्या हौसेपायी कोवळ्या कळ्यांचा नुसता गाभा वेचण्यापर्यंत मजल गेली. अखेर १३९१ साली मिंग घराण्याच्या संस्थापक सम्राटाने प्रजेचे कष्ट वाचवण्यासाठी नजराण्यातल्या वड्या बंद केल्या आणि सुट्या पानांना राजमान्यता मिळाली.

पाने सुटी झाली, तरी डोळ्यांची हौस फिटली नाही. ईस्ट इंडिया कंपनीसाठी चिनी रोपे हिमालयात आणणारा रॉबर्ट फॉर्च्यून याने १८५२ साली छापलेल्या प्रवासवर्णनात एक दृश्य टिपले आहे. परदेशी पाठवायच्या हिरव्या चहाला कारागीर प्रशियन निळा रंग आणि जिप्सम चोळत होते. त्यांचे हात निळे झाले होते. शंभर पौंड चहामागे अर्ध्या पौंडाहून अधिक रंग आणि जिप्सम गिऱ्हाइकाच्या पोटात जाते, असा त्याचा हिशेब होता. चिनी लोक स्वतः असला चहा पीत नसत. परक्यांना एकसारखा, देखणा चहा आवडतो, म्हणून आम्ही तसा करून देतो, हे त्यांचे सरळ उत्तर. दोष नुसता विकणाऱ्याचा होता काय?

आता माझ्या पुडीकडे येतो. आपला शेतकरी ज्याला तुडतुडा म्हणून शिव्या घालतो, त्याच जातीचा इवलासा किडा तैवानच्या शिनचू आणि म्याओली भागांत उन्हाळ्यात चहाचे कोवळे कोंब चावतो. चावलेले पान स्वसंरक्षणासाठी सुगंधी द्रव्ये तयार करते आणि त्यातूनच या चहाला मध आणि पिकल्या फळांसारखा वास येतो. म्हणून तिथे कीटकनाशक चालत नाही. अशा किडक्या पानांना मोठी किंमत आली, असे एक शेतकरी सांगू लागला, तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला बढाईखोर ठरवले, अशी कथा आहे. म्हणूनच या चहाचे जुने नाव 'बढाईचा चहा'!

तैवानमध्ये लुगू इथे १९७६ साली डोंगडिंग ऊलाँग चहाची स्पर्धा सुरू झाली. अशा स्पर्धांची रीत साधी आहे. तीन ग्रॅम चहा, दीडशे मिलिलिटर उकळते पाणी, पाच-सहा मिनिटे, पांढरी चिनी मातीची भांडी. कपावर फक्त क्रमांक. मालकाचे नाव नाही. चहा मुद्दाम कडक करायचा, म्हणजे त्यातली खोट लपत नाही. आधी वास, मग चमच्याने सुर्रकन घोट, तो जिभेवर फिरवायचा आणि शेवटी उमललेली ओली पाने बोटांनी उलगडून पाहायची. डोळ्यालाही मत आहे, पण एकट्याचे नाही.

आपला 'चहा' हा शब्दही मूळचा चिनी 'छा'. शब्द आपण घेतला आणि दूधसाखर घालून आपलासा केला. त्यात गैर काही नाही. मात्र, दुकानात हिरवीगार, एकसारखी पाने पाहून हात पुढे जातो, तेव्हा मला ते निळे हात आठवतात. आपण ज्याला 'छान' म्हणू, तेच बाजार आपल्यासाठी बनवतो.

ती पुडी शेवटी उघडली. वास थोडा उतरला होता, पण मधाची आठवण शिल्लक होती. भाचा म्हणाला, ''मामा, जरा उशीर केलात.''