तळटीप : रामभाऊ म्हाळगी

१. लेखकाने इथे नुसते ‘आमचे रामभाऊ’ म्हटले आहे. ठाणे-डोंबिवलीच्या त्या पिढीला तेवढे पुरत असे, आजच्या वाचकाला पुरणार नाही. रामचंद्र काशिनाथ म्हाळगी (१९२१–१९८२) मूळचे पुणे जिल्ह्यातल्या कडूसचे. १९५७ मध्ये ते मावळातून जनसंघाचे आमदार झाले आणि पुढे पुण्यातूनही निवडून आले. विधानसभेतला त्यांचा सगळा काळ विरोधी बाकांवर गेला. आणीबाणीत ‘मिसा’खाली त्यांना येरवड्यात डांबले. या कायद्यात स्थानबद्धाला कारण सांगण्याचेही बंधन सरकारवर उरले नव्हते. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेबियस कॉर्पसची, म्हणजे स्थानबद्धतेला न्यायालयात आव्हान देण्याची, वाटही बंद केली. १९७७ मध्ये जनता पक्षातर्फे ते ठाण्याचे खासदार झाले. तेव्हा कल्याण-डोंबिवली याच मतदारसंघात होती. कल्याणचा वेगळा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतला. १९८० च्या काँग्रेस लाटेतही त्यांनी जागा राखली, म्हणजे पुन्हा विरोधी बाक!

मजकुरातला ‘अहवाल’ पक्षाचा नव्हे. आपण वर्षभरात काय केले, याचा छापील हिशेब म्हाळगी दरवर्षी मतदारांपुढे ठेवत. तसे करायला त्यांना कुठलाही कायदा सांगत नव्हता. आमच्या मते त्यांच्या भाषणांपेक्षा हे कागद अधिक बोलके आहेत. उत्तनची प्रबोधिनी ही प्रशिक्षणसंस्था त्यांच्याच नावाची. ती त्यांच्या निधनाच्याच वर्षी स्थापन झाली.