कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी का?

आजच्या भागात इतिहास आहे, पण राजेमहाराजांचा नाही. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये दिसायचं ना, त्या इवल्याशा कुलपाचा!

मी खामगावचा. आमच्या गावाला रजतनगरी म्हणतात, चांदी पारखूनच घ्यायची हे इथं पोरांनाही कळतं. पण चांदी पारखणारे माझे काका 'पीएम किसान'ची लिंक उघडून म्हणायचे, "कुलूप दिसून राह्यलं नं, मंग साइट खरीच असन!"

असं का वाटतं? तर गोष्ट जाते १९९४ मध्ये. नेटस्केप ब्राउझर आला, त्यात किल्लीचं चित्र होतं. किल्ली तुटलेली दिसली, तर जोडणी सुरक्षित नाही. पुढं किल्लीचं कुलूप झालं. अर्थ एवढाच, की तुम्ही पाठवलेली माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही. पाकीट चिकटवलंय, पण ते जातंय कुणाच्या घरी, हे कुलूप सांगत नाही.

तेव्हा ही सोय विकत घ्यावी लागायची. २०१५ मध्ये 'लेट्स एन्क्रिप्ट'नं ती फुकट दिली. जुलै २०१८ पासून क्रोम कुलूप नसलेल्या साइटवर 'सुरक्षित नाही' असं लिहू लागला. चांगलंच झालं. पण मग सगळ्यांनीच कुलूप लावलं, भामट्यांनीसुद्धा!

२०२१ मध्ये गूगलनं लोकांना कुलपाचा अर्थ विचारला. नेमका अर्थ कळला होता फक्त ११ टक्के लोकांना. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमनं पत्त्याजवळचं कुलूप काढूनच टाकलं. आता सांगा, चूक काकांची का? ज्यांनी खूण बनवली, त्यांनाच ती लोकांना समजावता आली नाही.

मग पारखायचं कसं? पत्ता वाचायचा. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या अगदी आधी काय आहे ते बघा. पीएम किसानचा खरा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'नं संपतो. नावात कुठंतरी 'पीएमकिसान' असणं पुरेसं नाही. रिझर्व्ह बँकेनंही बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर यायला सांगितलं होतं, आणि तो पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल तर उघडायचीच नाही.

पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे पुढं सरकतात.

आज घरी आईबाबांच्या, काकांच्या शेजारी बसा आणि पत्ता शेवटाकडून वाचायला शिकवा. दोन मिनिटं लागतात. भेटू पुढच्या भागात!