चाकण-चिंचवडचे जुने कागद

१६६० सालीं फिरंगोजी नरसाळा ज्या चाकणच्या किल्ल्यासाठीं शाइस्तेखानाशीं सुमारें दोन महिने झुंजला, त्याच्या परिसरांत आज मोटारींचे कारखाने आहेत. १८८५ सालच्या पुणें जिल्हा ग्याझेटियरांतील चाकणचें वर्णन आतां संगणकावर घरबसल्या वाचतां येतें. परंतु तें इंग्रजींत, आणि राज्यकर्त्यांच्या नजरेनें लिहिलेलें. चिंचवडच्या देवांचीं इनामें व वारसांचे तंटे यांची हकीकत मोडी कागदांत आहे. या देव घराण्यावर १९८९ सालीं सबंध ग्रंथ लिहिला तो परदेशी अभ्यासक लॉरेन्स प्रेस्टन यांनीं. कागदांचीं छायाचित्रें घेतल्यानें मजकूर वाळवीपासून वांचेल खरा. पण मोडी जाणणारा नसेल, तर पडद्यावर दिसेल ती निव्वळ वेलबुट्टी! सोबत देवनागरी लिप्यंतर व गांवांची सूची असेल, तरच पाळी संपवून आलेल्या चाकणकराला आपल्या गांवाचा कागद सांपडेल.