सोळा पायऱ्या चढा

आधी पाय सांभाळा. मुंबई सोडल्यापासून इतके आठवडे जहाजावर डुलल्यानंतर जमीनच हलते आहे असं वाटतं. पोर्ट लुईच्या धक्क्यावर पहिलं पाऊल पडतं आणि गुडघे मुडपतात. मागचा माणूस पाठीवर आदळतो. त्याच्या अंगाला घामाचा, डांबराचा, ओकारीचा वास आहे. तुमच्याही आहे, म्हणून राग येत नाही.

समोर काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या. खालच्या शेवाळलेल्या, वरच्या उन्हानं चटका देणाऱ्या. १८३४ ते १९२० या काळात हिंदुस्थानातून मॉरिशसला आलेली माणसं जवळजवळ पाच लाख. तुम्ही त्यांतले एक. चढा.

वर कुली डेपोचं आवार. भोजपुरी, तमिळ, तेलुगू यांचा एकच कल्ला. धुरानं डोळे झोंबतात, हंड्यातला भात खदखदतोय. गावी ज्याच्या हातचं पाणी चाललं नसतं त्याच्या शेजारी बसून तुम्ही जहाजावरच जेवायला लागलात, तेव्हा आता लाजू नका, पंगतीत सरकून बसा. आणि कान द्या: त्या खांबाआड कुणीतरी बायकोला "अगो" म्हणून हाक मारतंय. रत्नागिरीकडचाच! त्याला घट्ट धरून ठेवा. एका जहाजातून आलेला माणूस इथे भाऊ. सख्खे पाण्यापलीकडे राहिले, त्यामुळे उद्या आजारपणात उशाशी बसणारा आणि लेकीच्या लग्नात पुढे होणारा हाच असणार आहे.

कारकून नाव विचारतो, त्याला ऐकू येईल तसं लिहितो. उंची मोजतात, अंगावरचे व्रण पाहतात, नंबर देतात. ते वेडंवाकडं लिहिलेलं तुमचं नाव नीट पाहून घ्या. तुमच्या नातवंडांचं ते आडनाव होईल. इथली कितीतरी आडनावं अशीच घडली.

मग ऊस. अजून उजाडलेलं नसताना घंटा होते. पात्यांनी दंडावर बारीक चिरा पडतात आणि त्यांत घाम उतरला की जळजळ सुरू होते. शेतातले काळे धोंडे उचलून ढीग रचायचे. ते ढीग आजही उसात उभे आहेत. कारखान्याकडून उकळत्या रसाचा गोड, मळमळवणारा वास येतो आणि कपड्यांतून जात नाही. महिन्याला पाच रुपये आणि तांदूळ, डाळ, मीठ. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापतात. त्याला डबल कट म्हणतात. हा नियम वाचला की मला अजून चीड येते. काम घेणाऱ्यानं वर दंडही घ्यावा, आणि तो कुणाकडून, तर ज्याच्याजवळ अंगमेहनतीशिवाय काही नाही त्याच्याकडून!

पण संध्याकाळी थांबा, झोपू नका. गवती झोपड्यांच्या मधल्या अंगणात ढोलकी वाजते आहे. गावाकडची जाखडी! एका पायात चाळ बांधून गडी रिंगण धरतात, धूळ उडते, कुणीतरी तुम्हाला दंडाला धरून आत ओढतो. दिवसभर वाकलेली पाठ आता ताठ होते. इथे तिला झाकरी म्हणू लागले आणि ती जगली. ती कुणी हुकूम देऊन जगवली नाही. थकलेल्या माणसांनी आपापली झोप मोडून जगवली, हे मला फार मोठं वाटतं.

आता तसेच नाचत आजच्या भाद्रपदात या. गणेश चतुर्थीला इथे देशभर सरकारी सुट्टी असते. ब्लॅक रिव्हरकडच्या रस्त्यावर गुलाल, अगरबत्ती आणि समुद्राचा खारा वारा एकत्र नाकात शिरतात. पोरं एकमेकांना इथल्या क्रिओल भाषेत चिडवतायत, आरतीला मात्र खणखणीत मराठी. शेजारच्या आजी कपाळावर टिळा लावतात, तुमच्या हातावर मोदक ठेवतात आणि क्रिओलमध्ये काहीतरी विचारतात. कळलं नाही तरी हसा. तो मोदक लवकर तोंडात टाका, मूर्ती उचलायला एक खांदा कमी पडतोय.