न्हावा शेवा, २७ जून २०१७

गेल्या महिन्यात आमच्या लिनक्स ग्रुपची बैठक पनवेलला झाली. विषय होता ऑपरेटिंग सिस्टिममधली संरक्षणं, म्हणजे एनएक्स, एएसएलआर, एसईलिनक्स वगैरे. दहा-बारा डोकी जमली. त्यात एक काका होते, क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात काम करणारे. मुलाला सोडायला आले, चहाला थांबले आणि शेवटपर्यंत बसले. स्लाइड्स संपल्यावर म्हणाले, "अहो, हे सगळं इतकी वर्षं आहे, तर मग २०१७ साली आमचे कंटेनर का अडकले?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा. पण तेवढ्यात हॉलची वेळ संपली, म्हणून उत्तर इथे लिहितोय.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: मंगळवार, २७ जून २०१७. जेएनपीटी, म्हणजे आपलं न्हावा शेवा बंदर. तिथलं जीटीआय हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचं. त्या दिवशी जगभरच्या मर्स्कच्या ऑफिसांत स्क्रीन एकामागून एक काळे पडत गेले आणि जीटीआयची सिस्टिमही बसली. कुठला माल कोणाचा हेच कळेना. कंटेनर हातानं, कागदावर नोंदी करून हलवायची वेळ आली. अडकलेला माल ठेवायला जागा शोधावी लागली. पनवेल-कळंबोलीकरांना ट्रेलरची रांग काही नवीन नाही म्हणा, पण या वेळी कारण ना खड्डे होते ना पाऊस. कारण होतं नॉटपेट्या नावाचा प्रोग्राम, जो निघाला होता युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून!

आता काकांच्या प्रश्नाकडे. त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

२ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म सुटला. त्याची एक युक्ती साधी होती. फिंगर नावाच्या सर्व्हिसमध्ये येणाऱ्या मजकुरासाठी ५१२ बाइटची जागा राखलेली, यानं पाठवले ५३६. जास्तीचे बाइट शेजारच्या जागेत सांडले, आणि त्यातच मशीननं पुढे काय करायचं याचा हुकूम लपलेला. बंदराच्या भाषेत सांगायचं तर यार्डात उतरवलेला मालच क्रेनवाल्याला ऑर्डर देऊ लागला.

यावर उपाय उघड आहे. माल तो माल, त्यानं हुकूम द्यायचा नाही. पण उघड उपाय अमलात यायला किती काळ जावा? सोलर डिझायनर या टोपणनावाच्या माणसानं लिनक्ससाठी तसा पॅच १९९७ मध्ये काढला (आणि त्याच वर्षी तो चुकवायचा कसा हेही स्वतःच दाखवलं. बाहेरून हुकूम आणायचाच नाही, आतले जुने हुकूम वापरायचे!). २००१ मध्ये पॅक्स प्रकल्पानं एएसएलआर आणलं, म्हणजे मेमरीतले पत्ते दर वेळी बदलायचे. यार्डातल्या जागांचे नंबर रोज सकाळी नवे, चोराकडे कालचा नकाशा असून उपयोग नाही. एएमडीनं २००३ मध्ये प्रोसेसरमध्येच एनएक्स बिट दिला. विंडोज एक्सपीला ते संरक्षण ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ मध्ये मिळालं, आणि एएसएलआर थेट व्हिस्टामध्ये. मॉरिस वर्मनंतर सोळा-अठरा वर्षांनी.

म्हणजे २०१७ पर्यंत हे सगळं होतं. काकांचं बरोबरच आहे. मग?

नॉटपेट्याच्या हातातलं एक हत्यार होतं इटर्नलब्लू. मूळ अमेरिकेच्या एनएसएचं, तिथून फुटून एप्रिल २०१७ मध्ये सगळ्या जगासमोर आलेलं. (गंमत बघा, एसईलिनक्स ही याच एनएसएनं डिसेंबर २००० मध्ये जगाला दिलेली भेट!) ते घुसायचं विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या कोडमधून, थेट कर्नलमध्ये. आणि विंडोज ७ च्या कर्नलमध्ये हॅल हीप नावाचा एक कोपरा होता, ज्याचा पत्ता प्रत्येक मशीनवर तोच असायचा आणि जिथून कोडही चालायचा. बाकी यार्डात नंबर बदलताहेत, माल गप्प आहे, आणि एका कोपऱ्यात मात्र पक्क्या रंगात लिहिलेला जुना नंबर. चोर आपला तिथेच जाणार. तिथून कोड चालणं विंडोज ८ मध्ये बंद झालं. पत्ता बदलता झाला विंडोज १० च्या एप्रिल २०१७ च्या आवृत्तीत. म्हणजे न्हावा शेवा बंद पडायच्या जेमतेम अडीच महिने आधी.

आता कोणी म्हणेल, पॅच मारला असता तर? पॅच १४ मार्चलाच आला होता, आणि मे महिन्यातल्या वॉनाक्रायनंतर तो जगाला माहीतही झाला होता. पण माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे. नॉटपेट्याकडे दुसरं हत्यार होतं. शिरलेल्या मशीनच्या मेमरीत ॲडमिनचा पासवर्ड सापडला की तो घेऊन, विंडोजच्याच रीतसर साधनांनी, तो शेजारच्या मशीनवर जायचा. ते मशीन पूर्ण अपडेटेड असलं तरी. इथे सांडलेले बाइट नाहीत, हलणारे पत्ते नाहीत. किल्ली लावून दार उघडलं, एवढंच. अशा वेळी एनएक्स आणि एएसएलआर काय करणार? ती भिंतीची राखण करतात. इथे उपयोगी पडलं असतं ते वेगळंच काही: एकच ॲडमिन खातं सगळीकडे न वापरणं, नेटवर्कचे तुकडे पाडणं, एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या घरात डोकावू न देणं. हे सगळं कंटाळवाणं काम आहे, त्यावर कोणी टाळ्या वाजवत नाही. आपल्याकडे तर एसईलिनक्सनं जरा अडवलं की पहिलं काम काय? ते बंद करून टाकणं.

मर्स्कचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर्सच्या घरात गेलं. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी दहा दिवसांत नव्यानं उभे करावे लागले. आणि त्यातही एक अडचण. कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे डोमेन कंट्रोलर जगभर एकमेकांच्या नकला ठेवायचे. त्यामुळे एक गेला तरी दुसरा आहेच, असा हिशोब. सगळे एकदम जातील हे कोणाच्या डोक्यात नव्हतं, आणि गेले. उरला फक्त एक, आफ्रिकेत, घानाच्या ऑफिसातला. का उरला? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती!

हो, लोडशेडिंगनं मर्स्कला वाचवलं. तिथून डेटा इंटरनेटवरून पाठवायला बरेच दिवस लागले असते, आणि घानातल्या कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी घानाचा एक कर्मचारी हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, विमानतळावर ती दुसऱ्याच्या हातात दिली, आणि तो ती घेऊन लंडनच्या विमानात बसला.